दीपमाळ सरळ आहे

"सरळ उभी राहा की गं बये!" काळ्या कापडाखालून मी करवादले.

"मला म्हणताय व्हय?" बाहेरून हौसाक्कांचा आवाज आला.

"तुम्हाला नाही हो. तुमच्या दीपमाळेला."

"मग म्हणा खुशाल. ती काय उलटून बोलायची न्हाई."

मी कापडातून डोकं बाहेर काढलं. समोर शेवरटेप वाडीतल्या त्यांच्या अंगणात काळ्या दगडाची दीपमाळ उभी होती, दोन पुरुष उंच. देऊळ केव्हाच पडून गेलेलं, ही तेवढी राहिली होती. तिच्यामागे हौसाक्कांचं कौलारू घर, आणि घरामागे डोंगराची सोंड, हिरवीगार, पाण्यानं निथळणारी. नऊ दिवस झोडपून पाऊस आदल्या दुपारी थांबला होता. नुसत्या डोळ्यांना दीपमाळ ठीक दिसायची. कापडाखाली गेलं की ओढ्याकडे कललेली.

माझा कॅमेरा लाकडी. पुढे लेन्स, मागे दुधी काच, मध्ये पेटीसारखा भाता. डोक्यावर कापड घेऊन काचेत बघायचं, तर सगळं जग उलटं: आभाळ खाली, माणसं पायांनी टांगलेली. एका वेळी एकच फिल्म, तळहाताएवढी, आणि ती लावायला, जुळवायला अर्धा तास. लोक हसायचे. बाई, जत्रेतला फोटोवाला झालात की काय, म्हणायचे. हसेनात का! त्या कोंदट अंधारात, काचेवर आंब्याचं पान न् पान हलताना बघण्यात जे सुख आहे ते मला संसारातसुद्धा मिळालं नाही, आणि हे मी नवऱ्याच्या तोंडावर सांगितलं होतं.

साताऱ्यात मी एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढायची. वय बेचाळीस. सरळ रेघ हा माझा धर्म. दातारबाईंच्या रेघेवरून ओळंबा तपासून घ्यावा, असं कचेरीत म्हणायचे, आणि मला ते अगदी खरं वाटायचं.

कॅमेऱ्याच्या माथ्यावर छोटी पाणसळ बसवलेली होती. काचेच्या नळीत बुडबुडा. तो मधोमध आला की कॅमेरा सरळ. त्या सकाळी बुडबुडा मधोमध आणि दीपमाळ वाकडी. मी स्टँडचे पाय पुन्हा रोवले, दगड लावले. बुडबुडा मधोमध, दीपमाळ वाकडी.

"नाचता येईना, आंगण वाकडं," हौसाक्का म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

माझं डोकं फिरलं. मग आठवलं. आदल्या दिवशी एसटीतून उतरताना कंडक्टरनं माझी पेटी टपावरून जवळजवळ फेकलीच होती. म्हणजे पाणसळ बिघडली. उलगडलं कोडं! दगड काय खोटं बोलतो? दोनशे वर्षं उभा असलेला दगड एका पावसात कलत नसतो. मी स्टँडचा स्क्रू सैल केला, अख्खा कॅमेरा बाजूला झुकवला आणि काचेवरच्या उभ्या रेघेला दीपमाळ तंतोतंत लावली. बुडबुडा पार कोपऱ्यात पळाला. पळू दे. आता काचेवर घर तिरकं दिसत होतं. दिसू दे. मातीची घरं, ती कुठली ओळंब्यात असतात!

तेवढ्यात दशरथ आला. हौसाक्कांचा एकुलता मुलगा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, शांत, चार वेळा विचार करून एक वाक्य बोलणारा. दरवर्षी श्रावण सरताना मी इथं यायची ती त्यांच्याच घरी उतरायची. हे माझं तिसरं वर्ष. वाडीत घरं पाच. तीन कुलूपबंद, माणसं मुंबईला, ती थेट गणपतीला येणार. चौथं ओढ्यापलीकडे, शाळेच्या बाजूला. डोंगराखाली म्हणावं असं घर ह्यांचंच.

"बाई, एक इचारू?"

"विचार की."

"परवा तलाठ्याचा माणूस सांगून गेला. डोंगर लई पाणी प्यालाय, कायबी येगळं दिसलं तर शाळंत जावा म्हणून. घराचं दार कालपास्नं घासतंय. वरच्या झऱ्याचं पाणी बंद झालंय. ह्यो खांबबी मला कललेला वाटतोय." तो थांबला. "कांता बाळंतीण हाय, पोरगी पाच दिसांची. आज पाचवी. आई म्हणती पाचवीला बाळंतीण उंबऱ्याभाईर काढायची न्हाई. म्या म्हणतो काढू. काय करावं? तुमच्या यंत्रात सरळ का वाकडं कळतं न्हवं? तुमी सांगाल तसं करू."

कांताला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. हौसाक्कांनी सुनेला फुलासारखं जपलं होतं. त्या पुढे येऊन म्हणाल्या, "सांगा बाई खरंखरं. निघायचं तर आत्ताच निघू. सटवाईची पूजा, पाटा-वरवंटा, दिवा, समदं उचलून शाळंत मांडू. दिस मोप हाय."

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मला नुसतं म्हणायचं होतं, पाणसळ एक सांगते आणि दीपमाळ एक, मला कळत नाही. पण मला कळत नाही, हे वाक्य मी त्या काळात उच्चारत नसे.

"दीपमाळ सरळ आहे," मी म्हणाले. "ओळंब्यात आहे. कललं असेल तर तुझं घर कललंय, आणि ते बांधलं तेव्हापासूनच. दार दमटपणानं फुगतं."

दशरथनं एक मोठा श्वास सोडला. "मग झालं."

"बगा! म्या म्हणत न्हवते?" हौसाक्का खुलल्या. "फोटू काढताय तर माजाबी काढा. न्हाईतरी माजा कुटं एक फोटू हाय?"

मी त्यांना दारात उभं केलं. ढगाळ उजेड, लेन्सचं तोंड बारीक केलेलं, आठ सेकंद धरायला हवे होते.

"आठ आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही हं, हौसाक्का."

"न्हाई हलत. मी कुटं चाललेय?"

मी मोजले. त्या हलल्या नाहीत. हात चौकटीला टेकवून, नवं लुगडं नेसून, नातीच्या पाचवीचा आनंद तोंडावर घेऊन उभ्या होत्या. मी घड्याळ बघून वहीत लिहिलं: साडेआठ.

सकाळभर मी आणखी तीन फिल्मी वापरल्या. दुपारी तीनला ढग फाटायला लागले. संध्याकाळी उजेड सुरेख पडणार असं वाटलं, आणि चौकटींत घातलेल्या फिल्मी तर सगळ्या वापरून झालेल्या. नव्या फिल्मी घालायला मिट्ट काळोख लागतो. त्या घरात तसा काळोख एकाच ठिकाणी होता, बाळंतिणीच्या खोलीत. तिला खिडकीच नव्हती.

"जावा की आत," हौसाक्का म्हणाल्या. "भाईर आल्यावर तेवढी आंगुळ करा."

"पण दिवा मालवावा लागेल."

त्यांचा चेहरा उतरला. "आज? पाचवीच्या दिशी? आवं, पाच दिस जागता ठेवलाय त्यो. आज सटवाई पोरीचं नशीब लिवाया येणार. आंधारात काय लिवंल ती?"

"ती रात्री येणार ना? मला पाच मिनिटं पुरतात. लगेच परत लावा."

पाहुणीला नाही कसं म्हणायचं? त्यांनी स्वतः आत जाऊन, हात जोडून, पदरानं दिवा शांत केला. बाहेर जाताना दार ओढून घेतलं, ते घासत, कुरकुरत लागलं.

काळोख झाला. धुरी, वेखंड आणि दुधाचा वास. मी जमिनीवर मांडी घालून चाचपडत फिल्मचा डबा उघडला. काळोखात हे काम करताना कान फार तिखट होतात. पोरगी चुटूचुटू पीत होती. आणि आणखी एक आवाज होता. बारीक, सारखा. चाळणीतून पीठ गळावं तसा.

"ऐकू येतंय न्हवं?" कांता खाटेवरून हळूच म्हणाली.

"काय आहे ते?"

"भिंत. मागली. आतनं माती गळती. पयल्यांदा रातचीच गळायची. काल सांजपास्नं थांबलीच न्हाई."

"सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. आत्याबाई म्हणल्या, बाळंतिणीला भास हुत्यात." खाट करकरली. "बाई, आणिक एक हाय. माजी काढ्याची वाटी हातातनं पडली की कायम दाराकडं घरंगळायची. जिमिनीला उतारच तसा. परवापास्नं भिंतीकडं जाती."

माझ्या हातात फिल्म होती. ती कडेनं धरायची असते, काळोखात बोटं लागू द्यायची नसतात. माझा अंगठा तिच्या मधोमध दाबला गेला. मी मांडीवरचं भिंग उचललं, काच तपासायचं, गोल, जड. जमिनीवर आडवं ठेवलं आणि सोडलं. ते निघालं. गडगडत, अजिबात घाई न करता, मागच्या भिंतीपर्यंत गेलं आणि टक करून थांबलं.

मी फिल्मी कशाबशा डब्यात कोंबल्या, भिंग चाचपून घेतलं, डबा काखेत मारला आणि दार ढकलून बाहेर आले. उजेडानं डोळे दिपले. माजघराच्या भिंतीवर मीच दिलेला गेल्या वर्षीचा फोटो होता. तीच दीपमाळ, तेच घर, तीच जागा. त्या वेळी पाणसळ शाबूत होती, कॅमेरा सरळ होता. फोटोत दाराची चौकट आणि दीपमाळ, दोन्ही शेजारी शेजारी उभ्या, वहीतल्या समासासारख्या. म्हणजे घर बांधल्यापासून वाकडं नव्हतंच.

अंगणात जाऊन मी भिंगाला दोरा बांधला, स्टँडला टांगला आणि तो डुलायचा थांबेपर्यंत दम धरून बघत बसले. शेंबड्या पोरालाही येतं हे. ओळंबा. सकाळी दोन मिनिटांचं काम होतं. दोरा थांबला. कॅमेरा पुन्हा दोऱ्याला लावला आणि बुडबुडा बघितला. मधोमध. पाणसळ बिघडली नव्हती, तिला साधा ओरखडा नव्हता. दोऱ्यामागे दीपमाळ ओढ्याकडे झुकलेली होती, चांगली वीतभर.

"दशरथ!" मी अशी किंचाळले की तो गोठ्यातून धावतच आला. "निघा. आत्ताच्या आत्ता. कांताला उचल, पोरीला घे. सामानाला हात लावू नका."

"काय झालं?"

"दीपमाळ कललीय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "पर सकाळी तर तुमी—"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. सकाळी मी चुकले, सकाळीही ती कललेलीच होती. एवढंच. सात-आठ शब्द. मी काय बोलले ते मला अजून शब्दशः आठवतं.

"सकाळी सरळ होती. आत्ता थोडीशी कललीय."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. कांताला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेतली, मी पोरीला घेतलं आणि खांद्याला माझी कॅमेऱ्याची पेटी, फिल्मच्या डब्यासकट, हौसाक्कांनी शेरडं सोडली आणि आम्ही साकवावरून ओढा ओलांडला. ओढ्याला पाणी चहासारखं तांबडं होतं. नऊ दिवसांच्या पावसानंतरचा ओढा, पण आवाज कमी. वरून पाणी येतच नव्हतं. शाळेचं कुलूप दशरथनं दगडानं तोडलं. कांताला बाकांवर निजवलं. सगळं सुरळीत झालं, आणि मला माझाच अभिमान वाटायला लागला, हेही सांगून टाकते.

दिवेलागणीला दशरथ शाळेजवळच्या त्या चौथ्या घरी दूध मागायला गेला होता, ओढ्याच्या ह्याच बाजूला. कांताचा डोळा लागला होता. हौसाक्का शाळेच्या पायरीवर बसून पलीकडे आपल्या घराकडे बघत होत्या. उजेड सोनेरी झाला होता. मला हवा होता तसा.

"बाई, घरात दिवा न्हाई," त्या म्हणाल्या.

त्या गडबडीत बाळंतिणीच्या खोलीतला दिवा कोणी परत लावलाच नव्हता.

"इथं लावू की," मी म्हणाले.

"हितं लावू, पर तिथला मालवलेलाच ऱ्हायला. सटवाई तिथं येणार. पोर तिथं जल्मली. आंधार बगून माघारी गेली म्हंजी?" त्या उठल्या, पदर खोचला. "मी आलेच. दिवा लावती, पूजेचं ताट घेती आन् आलेच."

"हौसाक्का, नको. डोंगराचं काही सांगता येत नाही."

"आवं, सकाळी सरळ व्हती म्हणलात न्हवं? दुपारी जराशी कलली. आत्ता कुटं कलाया लागली, लगीच थोडीच पडतीया! घटकाभराचं काम." त्यांनी माझ्या हातातल्या पोरीच्या गालाला बोट लावलं आणि ते स्वतःच्या कपाळाला टेकवलं. "बाईजवळ ऱ्हा गं माजी बाय."

मला सांगायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. ती सकाळपासून कललेली आहे हो, परवापासून कललेली असेल, मी खोटं बोलले. त्या पायऱ्या उतरल्या. साकवावर गेल्या. मी "हौसाक्का!" अशी हाक मारली, त्यांनी वळून हात हलवला. आणि मी पुढचं बोलले नाही. पोरगी उठेल म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले.

त्या अंगणात पोचलेल्या दिसल्या. दार ढकलताना दिसल्या; ते घट्ट बसलं होतं, खांदा लावावा लागला. मग आत गेल्या. थोड्या वेळानं उघड्या दारातून एक पिवळा ठिपका दिसला. दिवा लागला होता.

आधी दीपमाळ गेली. आवाज न करता, कुणी हळूच निजवावी तशी. मग डोंगराची सोंड झाडांसकट, उभीच्या उभी, पुढे सरकली. झाडं उभीच होती, नुसती चालत आली. आवाज नंतर आला. मी पोरीला छातीशी दाबून धरलं आणि तिच्या कानावर हात ठेवला. हात काढला तेव्हा पलीकडे अंगण नव्हतं, घर नव्हतं, काहीच नव्हतं.

चौथ्या दिवशी हौसाक्का सापडल्या. दशरथ ओणवा होऊन रडला आणि मग, देवा रे, माझ्या पाया पडला. "बाई, तुमी होता म्हणून माजी बायकू-पोर वाचली," म्हणाला. गावोगाव तेच झालं. फोटोवाल्या बाईंनी यंत्रात बघून ओळखलं म्हणे. डोंगर कलायला लागला त्याच क्षणी ओळखलं. मी मान खाली घालून ऐकलं, आणि लोकांना तो माझा मोठेपणा वाटला.

महिन्याभरानं दशरथ साताऱ्याला आला. आईचा एकच फोटो काढलेला, तो द्या म्हणाला. मी म्हटलं, फिल्म खराब झाली रे, पाणी गेलं आत. खरं म्हणजे ती मी केव्हाच धुतली होती. इतकी रेखीव निगेटिव्ह मी आयुष्यात दुसरी काढली नाही. भिंग लावलं तर लुगड्याचा काठ मोजता येतो.

पुन्हा मी तो कॅमेरा उघडला नाही. दिवाळीत दशरथकडून नव्या तांदळाची पिशवी यायची, न चुकता, बावीस वर्षं. आणि मी तो भात जेवायची.

परवा दारात एक मुलगी उभी राहिली. उंच, सावळी, हातात पत्रिका. "बाई, मी हर्षदा. शेवरटेपच्या दशरथ डिग्यांची मुलगी. वैशाखात लग्न आहे माझं. आईनं सांगितलंय, पहिली पत्रिका देवाला, दुसरी तुम्हाला."

मी तिला बसवलं, चहा केला. ती इकडचं तिकडचं बोलली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "रागावणार नसाल तर एक मागते. आजीचा तो फोटो. खराब झालाय हे माहितेय मला. पण खराब झालेलाच असला तरी द्या ना. नुसती सावली असली तरी चालेल. लग्नात देवकाजवळ ठेवायला आजीचं काहीच नाहीये आमच्याकडे."

हौसाक्का तशाच मागायच्या. न रडता, डोळ्यांत बघून.

मी कपाटाच्या तळातून पाकीट काढलं. फोटो मोठा करून ठेवलेला होताच, कुणाला कधी न दाखवलेला. तिनं तो टेबलावर ठेवला आणि तोंडावर हात धरला. "अगंबाई! ही आजी? हिचं नाक तर माझंच आहे." पुष्कळ वेळ बोटानं ती लुगड्यावरून, हातावरून, चेहऱ्यावरून फिरत राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, फोटो वाकडा का आलाय? घर बघा, सगळं तिरकं. आजीपण तिरकी."

कुणीही करील तेच तिनं केलं. फोटोच्या दोन कडा धरून तो टेबलावर हळूहळू फिरवला, घराचा उंबरा टेबलाच्या कडेला लागेपर्यंत. घर सरळ झालं. हौसाक्का सरळ झाल्या.

दीपमाळ ओढ्याकडे कलली.

तिनं हात काढून घेतले. फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर माझ्या नकाशावरच्यासारख्या टोकदार अक्षरात तारीख होती आणि वेळ होती. तिनं ती वाचली. पुन्हा वाचली.

"हा सकाळचा आहे."

"हो."

"आई सांगते, सकाळी सरळ होती. दुपारी कलली आणि तुम्हाला लगेच कळलं. लहानपणापासून सांगते. आजी म्हणे तेवढ्या भरवशावर परत गेली."

"तुझी आजी मी सांगितलेल्या भरवशावर गेली," मी म्हणाले. "सकाळी मला दिसलं होतं. मी कॅमेरा वाकडा केला आणि सरळ आहे म्हणून सांगितलं. दुपारी कळलं तेव्हा चुकले म्हणायची लाज वाटली."

बावीस वर्षांनी ते वाक्य बाहेर पडलं, आणि किती लहान होतं ते!

ती रडली नाही, ओरडली नाही. फोटो पाकिटात घातला. पत्रिका टेबलावर होती, ती तिनं उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवली.

"घरी गेल्यावर आई पहिल्यांदा हेच विचारणार, फोटो वाकडा का म्हणून," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. तुम्ही चला आणि तुम्हीच सांगा."

"कधी?"

"आत्ता. सव्वाचारची गाडी आहे."

मी उठले, गॅस बंद केला आणि चपला शोधायला लागले.